धडा

खैरटोल्याच्या शाळेत गुणवंतांचा सत्कार,
पाहुणी म्हणून मी,
चित्ररेखा लक्ष्मण गभणे, याच शाळेची,
मार्च त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार टक्के.
आकडा राहांगडाले सरांनी माइकवरून दोनदा सांगितला.
दुसऱ्यांदा जरा सावकाश,
बाबा काट्यावरून वजन पुकारायचे तसा.

बाबा मोह घ्यायचे.
पितळी पारडी, आणि कोपऱ्यात धड्याचे दगड,
लहानमोठे, हाताळून गुळगुळीत झालेले.
कुणी आलं की आधी टोपलं रितं करून पारड्यात,
दुसऱ्या पारड्यात दगड, मग खडा, मग अजून एक खडा,
काटा सरळ उभा राहीपर्यंत.
"धडा केल्याबिगर तोल नाही," म्हणायचे,
"टोपल्याचे पैसे मी कायले देऊ?"
मग ओलीचा कडता. काडीकचऱ्याचा कडता.
हमाली. तोलाई.
अकरा किलो आणलेली बाई
नऊ किलोचे पैसे पदराला बांधून जायची.

फुलवंता कुमरे माझ्या बाकावर बसायची.
मोह पहाटे गळतो, आणि परीक्षा मार्चात असते.
या दोन गोष्टी कुणी मुद्दाम जुळवल्या नाहीत,
एवढंच अजून म्हणवतं.
चारला आम्ही दोघीही उठायचो.
मी दुकानामागच्या खोलीत, साठच्या बल्बाखाली,
शेजारी दुधाचा पेला, साय आईने आठवणीने ठेवलेली.
ती रानात, कंदील खाली ठेवून, वाकलेली,
अस्वलाच्या आधी झाड गाठायचं म्हणून.
पेपरला बसली तेव्हा तिच्या बोटांना
तो गोड, आंबूस वास होता,
आणि उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर एक चिकट ठसा.

हिशेब तिच्या तोंडात असायचा.
बाबांच्या आधी तिचा आकडा निघायचा.
एकदा म्हणाली, "काका, दीडशे ग्राम जास्त कापलं."
बाबा हसले. दगड बदलला नाही.
रात्री जेवताना म्हणाले, कुमऱ्याची पोरगी हुशार आहे हो,
आणि भात वाढून घेतला.

तिला एकसष्ट पडले.

मी अभ्यास केला नाही असं नाही.
रसायनाच्या समीकरणांनी माझी झोप खाल्ली,
तो घाम माझाच, त्यात कुणाचा वाटा नाही.
पण अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चारमध्ये
बल्ब किती, साय किती,
गोंदियाची शिकवणी, तिथली मामाची खोली किती,
आणि "वाच, बाकी आम्ही बघतो" म्हणणारी माणसं?
मला टोपल्यासकट तोललं.
तिचा कडता अस्वलापासून सुरू.

सर म्हणत होते, सगळ्यांना पेपर एकच,
तपासणारा नाव बघत नाही, जात बघत नाही,
याहून सरळ काय असतं?
खरंय. काटा खोटा नव्हता.
बाबांचाही नव्हता.
दरवर्षी देवरीला नेऊन शिक्का मारून आणायचे.

मला वेगळं बोलायचं होतं, येताना एसटीत जुळवलंही होतं.
समोर पोरं होती, नवे गणवेश, तेल चोपडलेली डोकी,
पहिल्या रांगेतल्या एकीच्या नखांत अजून माती.
मी मेहनतीवर बोलले.
टाळ्या वाजल्या. शाल, नारळ.

शाळेमागच्या टपराखाली फुलवंता भात ढवळत होती.
पोषण आहार, महिन्याचं मानधन, तेही तीन महिने थकलेलं.
ओळखलं तिने, झारा ठेवला नाही.
"पोरीला किती पडले?"
"बहात्तर," म्हणाली. "कडता कापून."
हसली की नाही, धुरात कळलं नाही.

मग माझ्या हाताकडे बघून,
"तो नारळ नेतेस काय? चटणीले कमी पडून राहिला."
मी दिला.
तिने तळहातावर जोखला, कानाशी हलवला,
"पाणी हाय," म्हणाली,
आणि चुलीच्या दगडावर फोडला.